खालच्या आळीची मोरी

मोरीत गाळ साचतो ना, तसे बोर्डाच्या नोकरीत किस्से साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. रोज थोडं थोडं वाहत येतं आणि एक दिवस बघावं तर गळ्याशी आलेलं असतं! फरक एवढाच की किस्से मी अधूनमधून उपसून तुमच्यासारख्यांच्या पुढ्यात टाकतो. मोरी उपसायला मात्र आमच्यात कुणाला सवड नव्हती.

मी मुळशी खोऱ्यात लोकल बोर्डाच्या ऑफिसात कारकून होतो. वरच्या अंगाला धरणाचं पाणी चढायला लागलं, ती वर्षं. रस्ते, मोऱ्या, धर्मशाळा, कोंडवाडे, सगळ्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जायची. त्यातली निम्मी एकाच मोरीची.

त्याचं असं झालं. आमच्या गावात डोंगराच्या पायथ्याला खालची आळी होती, अकरा घरांची. डोंगरावरचं पाणी आळीला वळसा घालून नदीला जायचं. मग मोटारी यायला लागल्या. बोर्डाने आळी आणि नदी यांच्या मधोमध पुरुषभर उंच भराव घालून सरळ रस्ता काढला आणि पाण्यासाठी भरावाच्या पोटात एक दगडी मोरी ठेवली. मोरी झकास होती. फक्त तिचा तळ घरांच्या ओट्यांपेक्षा हातभर उंच होता. म्हणजे पाण्याने आधी घरात शिरायचं, चुलीपर्यंत जायचं, आणि मग उरलंसुरलं मोरीतून जायचं!

पहिल्याच आषाढात अकराही घरांत गुडघाभर पाणी. पाणी ओसरल्यावर ओव्हरसीअर साहेब आले. पुण्याचे, फार व्यवस्थित मनुष्य, चिखलातसुद्धा धोतराला डाग लागू द्यायचे नाहीत. त्यांनी मोरीत डोकावून पाहिलं, आळीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मोरीत काही दोष नाही. घरं खाली बांधलीत."

आळीत ठकूबाई म्हणून एक विधवा बाई होती. चार शेळ्या, थोडं भाताचं वावर, बाकी मजुरी. ती म्हणाली, "माजा आजेसासरा हितंच जल्मला. तवा रस्ता कुटं व्हता?"

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, घरे जुनी आहेत.

*

ठकूबाईने मोठी मोरी मागणारा अर्ज केला. लिहिला मीच, तिने अंगठा दिला. मला वाटलं, एक मोरी खोल करायची, त्यात काय एवढं! नवा होतो मी तेव्हा.

चैत्रात ओव्हरसीअर साहेब साखळी आणि बारा पांढऱ्या खुंट्या घेऊन मोजणीला आले. पाणी जिथवर चढतं तिथे खुंटी मारायची, म्हणजे नवी मोरी किती खोल हवी ते ठरेल. त्यांनी आळीतल्या माणसांना गोळा केलं आणि विचारलं, पाणी कुठवर येतं?

एक म्हातारा म्हणाला, पाणी येत नाही. दुसरा म्हणाला, कधीच आलं नाही. साहेब ठकूबाईकडे वळले. अर्ज तिचा होता, माझ्या हातात होता.

"पानी? हितं? न्हाई बा," ठकूबाई म्हणाली.

साहेबांनी अंदाजाने खुंट्या ठोकून घेतल्या, वहीत लिहिलं, 'ग्रामस्थांचे म्हणण्यानुसार येथे पाणी येत नाही', आणि निघून गेले. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय केलंस बाई?

ती म्हणाली, "वरल्या अंगाला माजं म्हायेर हाय, भाऊसाहेब. तितं बी सायेब आलं व्हतं. असंच इचारलं, पानी कुटवर येतंय. मंग खुट्या मारल्या. आता त्या खुट्यांपत्तूर धरणाचं पानी हाय अन् माजं म्हायेर पान्याखाली हाय."

खोऱ्यात तेव्हा खुंटी या वस्तूची अशी दहशत होती. दुसऱ्या दिवशी बाराही खुंट्या गायब. चार तर ठकूबाईने घरात ठोकून त्यांना शेळ्या बांधल्या होत्या. चांगल्या सागवानी खुंट्या, वाया कशाला घालवायच्या?

तो एका ओळीचा रिपोर्ट मात्र फाईलला वर लागला. पुढे आळीचा कुठलाही अर्ज गेला की वरचं ऑफिस तो रिपोर्ट काढायचं आणि विचारायचं, येथे पाणी येत नाही ना?

*

आता गाळाचं ऐका. रस्ता व्हायच्या आधी गावाची रीत होती. अक्षय्य तृतीया झाली की घरटी एक माणूस कुदळ घेऊन यायचा आणि सगळे मिळून ओढा उपसायचे. दुपारी पाटील सगळ्यांना पिठलं-भाकरी घालायचे. शंभर वर्षं कुणी अर्ज केला नाही.

मोरी झाली आणि ती रीत बंद पडली. पाटलांना विचारलं तर ते म्हणाले, आता ते बोर्डाचं हाय, आमी हात लावला तर गुन्हा व्हईल. बोर्डाला विचारलं तर बोर्ड म्हणालं, मोरी आमची, ओढा आमचा नाही. दोन्हीकडून बरोबर! सभेत दीड तास खल झाला आणि ठराव झाला: मोरीच्या दोन्ही तोंडांशी असलेला गाळ ओढ्यात मोडतो, सबब बोर्डाने फक्त मधला गाळ काढावा.

मुकादम चार गडी घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला. तोंडाचा गाळ काढल्याशिवाय माणूस आत जाणार कसा, असं विचारू लागला. मी ठराव पुन्हा वाचून दाखवला. त्याने तो नीट ऐकून घेतला, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी जाऊन दावा."

*

दुसऱ्या वर्षी मी हट्टाने आळीच्या पुराचा विषय सभेपुढे आणला. सभा आषाढात ठेवली, म्हणजे मेंबरांना डोळ्यांनी बघता येईल. हुशारी माझी!

सभेच्या दिवशी असा पाऊस झाला की गावाबाहेर सखल भागात रस्त्यावरच पाणी चढलं. एकही मेंबर येऊ शकला नाही. खुर्च्यांवर मी आणि शिपाई. आळीतली माणसं बोचकी घेऊन धर्मशाळेत बसलेली, आणि मी इतिवृत्तात लिहितोय, 'पुरामुळे कोरम न झाल्याने पुराचा विषय पुढे ढकलण्यात आला.'

महिन्याभराने वरच्या ऑफिसचं पत्र आलं. सदर गावी पाणी येत नाही असा रिपोर्ट असता सभा पाण्यामुळे रहित झाल्याचे खोटे कारण का दिले, याचा खुलासा करावा.

खुलासा केला. काय करणार!

*

एवढी पत्रापत्री झाल्यावर पुण्याहून मोठे साहेब जातीने बघायला यायचे ठरले. आनंद झाला मला. पण आले कधी? वैशाखात. ओढा कोरडा ठणठणीत, मोरीत गाळावर कुत्री सावलीला झोपलेली.

मोठे साहेब म्हणाले, मोरी चालते की नाही हे पाण्याशिवाय कसं कळणार? ओव्हरसीअर साहेबांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी आळीकडे पाहिलं. आणि खालच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन विहिरीकडे निघाल्या.

त्या दिवसांत विहिरीला पाणी किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. तळाशी उतरून वाटीने भरायचं. दोन तास त्या पाणी आणत होत्या आणि मोरीच्या तोंडाशी ओतत होत्या. ठकूबाईनेच चार खेपा केल्या. तिला वाटत होतं, साहेबांनी एकदा पाणी पाहिलं की काम झालं. मी तिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. साहेबांच्या मागे वही धरून उभा राहिलो, त्याची आजही लाज वाटते.

पाणी मोरीतल्या गाळावरून सुळकन पलीकडे गेलं. मोठे साहेब खूष झाले. त्यांनी शेरा लिहिला, 'मोरी समक्ष पाहिली. पाण्याचा निचरा उत्तम होतो.'

*

तिसरं वर्ष. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

आषाढातली दुपार. ठकूबाई वरच्या शिवारात भाताच्या आवणीला गेली होती, शेळ्या घरात बांधून. डोंगरावर ढगफुटीसारखं झालं आणि तासाभरात आळी छातीइतक्या पाण्यात गेली. माणसं वाचली. तीन घरांच्या भिंती बसल्या. आणि त्या सागवानी खुंट्या फारच पक्क्या बसलेल्या होत्या. दावी तुटली नाहीत.

चौथ्या दिवशी ठकूबाई ऑफिसात आली. मला वाटलं अर्ज द्यायचाय, म्हणून कागद ओढला. तिने पदराखालून चार खुंट्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या, दाव्यांसकट.

"ह्या बोर्डाच्या हायेत," एवढंच म्हणाली आणि गेली.

माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. थोड्या वेळाने हेडक्लार्क मागून आले, खुंट्या बघितल्या आणि विचारलं, "बारापैकी चार मिळाल्या म्हणायच्या. उरलेल्या आठांचं काय?"

*

त्या पुरानंतर आळी उठली. दसऱ्यापर्यंत अकराही घरं माळावर कुडाच्या खोपटांत गेली. माळ दुसऱ्याचा होता. मालक रोज येऊन कधी उठता म्हणून विचारायचा. परतायचं तर मोरी खोल झाल्याशिवाय परतता येत नव्हतं. ठकूबाई तिथेच दिराच्या खोपटात एका कोपऱ्यात राहत होती.

आणि पुढच्या वैशाखात, इतक्या वर्षांनी, वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. नव्या मोरीच्या मागणीचा विचार केला, परंतु सदर आळीत आता वस्ती नसल्याचे समजते. वस्ती नसल्यास मोरीचे प्रयोजन नाही. वस्ती असल्यास पंचनामा करून कळवावे, म्हणजे मंजुरी देता येईल.

मी पत्र पाटलांना चावडीत वाचून दाखवलं. माळावरची माणसं जमली होती. मी म्हटलं, ज्येष्ठाच्या आत पंचनामा गेला पाहिजे, नाहीतर फाईल बंद. आणि मान खाली घालून घरी आलो.

आठ दिवसांनी पंचनाम्याला गेलो. आळीत नुसत्या भिंती, दारांतून गवत. आमच्याकडे घर मोजायची जुनी पद्धत म्हणजे चूल. चूल पेटते ते घर, बाकी पडीक. पंचनाम्यात चुलीचं ठिकाणही लिहावं लागायचं. मी कोरा कागद घेऊन उभा, 'चुली: शून्य' लिहायच्या बेतात. तेवढ्यात पाटलांनी माझा हात धरला आणि बोटाने दाखवलं. शेवटच्या छपरातून धूर येत होता.

आत गेलो. जमीन ताजी सारवलेली. ठकूबाई एकटीच उंबऱ्याशी बसली होती.

मी म्हटलं, "ठकूबाई, मोरी मंजूर झाली तरी काम दिवाळीनंतर सुरू होईल. पावसाळा तोंडावर आलाय. यंदाचं पाणी यायचंच आहे."

"म्हाईत हाय."

"मग इथं काय करतेस? मी लिहितो, घर आहे म्हणून. तू आपली माळावर जा."

"अन् सायेब बगाया आला मंजी? म्या गेली तर घर न्हाई. घर न्हाई तर मोरी न्हाई. धा घरं माळावर बसल्याती, भाऊसाहेब. कुनीतरी हितं ऱ्हायाला पायजे. तुमी लिवा."

पाटील दुसरीकडे बघत होते. मी टाक शाईत बुडवला. घर एक. माणूस एक, बाई. मग चुलीचं ठिकाण लिहायला इकडेतिकडे बघितलं. सारवलेल्या जमिनीवर कुठेच चूल दिसेना.

"चूल कुठं आहे?"

तिने बोट वर केलं. छपराखालच्या माळ्यावर चूल मांडलेली होती. शेजारी पिठाचं मडकं, एक घोंगडी, आणि तुळईला बांधलेला दोर.

मी लिहिलं: चूल एक. पेटती आहे. ठिकाण, माळा.

पाटलांनी तिचा अंगठा घेतला.