सिस्टरआत्तीनं सोडलेली बोट

“कुणी सांगितलं?” हा सिस्टरआत्तीचा पहिला प्रश्न असायचा, मग समोर डॉक्टर असो, तलाठी असो की लग्नातला भटजी. आज गुरुवार आहे, नखं कापू नयेत, असं म्हटलं की ती नेलकटर हातात घेऊनच विचारायची, “कुणी सांगितलं?” नीट उत्तर मिळालं तर ऐकायचीही. पण बहुतेकांना ते देता यायचं नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नाव आक्काताई, पण गारगोटीच्या सरकारी दवाखान्यात तिनं नर्स म्हणून जन्म काढला, म्हणून सगळ्या तालुक्याची सिस्टर आणि आमची सिस्टरआत्ती. बाळंतिणीच्या खोलीतून ती ओरडली, की बाहेर चहाच्या गाड्यावर बसलेला नवरा ताडकन उभा राहायचा. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल पुरुषासारखं ‘मी येतो, मी जातो’ म्हणायची. आणि एकदा ‘जातो’ म्हणाली की जायचीच.

दवाखान्यात तिच्या जोडीला लीलाअम्मा नावाची केरळची नर्स होती. तिचा मुलगा तिकडं गावीच, आजीकडं वाढला. मराठी ती आत्तीकडूनच शिकली, त्यामुळे तिची मराठी थेट गारगोटीच्या बाजारातली. एका पावसाळ्यात वेदगंगेला पूर आला आणि पलीकडच्या वाडीत एक बाई अडली. जीपवाला म्हणाला, रस्ता बंद आहे, जाता येणार नाही. आत्तीनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता पिशवी डोक्यावर घेतली. मधल्या ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. आत्तीला पोहता येत नव्हतं. लीलाअम्मा पाण्याकाठीच वाढलेली. तिनं दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं आत्तीच्या, आणि दोघी पार झाल्या. संध्याकाळपर्यंत बाई सुटली. तो दोर पुढं कधी सुटलाच नाही, असं आम्ही घरात म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर लीलाअम्मा कोचीजवळच्या चेर्तल्याला आपल्या गावी गेली आणि आत्ती कोल्हापुरात कसबा बावड्याला मुलाकडं, संजूदादाकडं आली. दर रविवारी दोघींचा फोन व्हायचा. मग लीलाअम्माला विसर पडायला लागला, बोलणं तुटक झालं, आणि शेवटी फोनवर फक्त सून यायची. “अम्मा सोती है,” एवढंच म्हणायची. अशी दोन वर्षं गेली.

त्या सुमारास संजूदादानं बोटीची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, वाटेतली बंदरं बघायची आणि त्याच बोटीनं परत यायचं. आत्तीच्या खोलीत सोबतीला मला घेतलं. एरवी कुठल्याही टूरला नाक मुरडणाऱ्या आत्तीनं माहितीपत्रक हातात घेतलं आणि एकच विचारलं, “ह्यात कोची हाय न्हवं?” दादा म्हणाला, आहे. “मग येतो.” आई वयानुसार मवाळ झाली, असं दादाला वाटलं. भाबडा आहे बिचारा.

कोचीला सकाळी बोट लागली. धक्क्यावर बस उभ्या होत्या आणि टूर मॅनेजर प्रत्येकाच्या खांद्यावर गोल स्टिकर चिकटवत होता. आत्तीनं त्याचा हात वरच्यावर धरला. “हे काय?”

“गट क्रमांक सात, आजी. आधी मासे पकडायची चिनी जाळी, मग चर्च, मग मसाल्याचं दुकान. तुमचा गुडघा दुखतोय ना? तुम्ही बसमधूनच बघा.”

“बसमधनं बघायला मी काय पार्सल हाय?” आत्तीनं पर्समधून एक जुना लिफाफा काढला. त्यावर लीलाअम्माचा पत्ता होता. ती दादाकडं वळली. “मी लीलाकडं जातो. तासाभराची वाट हाय.”

दादाचा चेहरा पडला. “आई, पाचला बोट सुटती. टूरच्या बसला उशीर झाला तर थांबत्यात. आपलं आपण गेल्यावर थांबत न्हाईत. तसं लिहून दिलंय त्यांनी.”

“वाचलंय मी.”

“मग?”

“मग काय? थांबली तर बसतो, न्हाय थांबली तर रेल्वे हाय की.”

“आणि वाटेत तुला काय झालं म्हंजे? अनोळखी मुलूख, हा असला गुडघा...”

“संज्या, दोन वरसं तिचा आवाज न्हाय ऐकला मी. तिच्या दारात येऊन मसाल्याचं दुकान बघू? मला आणलंस, बरं केलंस. आता आडवं यायचं न्हाय.”

दादा बसमध्ये जाऊन बसला, वहिनी त्याच्या मागोमाग. मी माझ्या खांद्यावरचा स्टिकर काढला.

टॅक्सीनं आम्ही चेर्तल्याला पोचलो. सुनेनं ओळख पटल्यावर आत घेतलं. लीलाअम्मा खिडकीजवळच्या कॉटवर पडून होती, केस बारीक कापलेले, नजर छताला. ओठ सारखे हलत होते. सून मला हिंदीत म्हणाली, “दिनभर ऐसे ही कुछ बोलती है. डॉक्टर ने कहा, इसका कोई मतलब नहीं.”

“कुणी सांगितलं?” आत्ती मराठीतच कडाडली आणि लीलाअम्माच्या तोंडाशी कान नेला. मीही वाकले. स्वर बारीक होता, पण शब्द स्वच्छ.

“पाणी उतारलं काय गं?”

आत्ती कॉटवर बसली. तिनं लीलाअम्माचा हात हातात घेतला. “उतारलं की. सकाळीच उतारलं.”

“बाई मोकळी झाली?”

“झाली. पोरगी झाली. दोघी ठणठणीत हायत.”

लीलाअम्मानं डोळे मिटले. सून भिंतीला टेकून उभी होती. “ये मराठी है?” तिनं विचारलं आणि तोंडाला पदर लावला. सासू दोन वर्षं त्या घरात बोलत होती आणि घरात कुणालाही कळत नव्हतं.

अडीचला मी आत्तीला जवळजवळ ओढत बाहेर काढलं. वाटेत उड्डाणपुलाचं काम चालू होतं. गाड्यांची रांग हलेना. बंदराच्या गेटवर पोचलो तेव्हा बोट धक्का सोडून चालली होती. दादाचा फोन आला. “आई, कुठं हायस?”

“गेटवर. तुमची बोट दिसती हितनं. लई मोठी हाय की!”

“हसू येतंय तुला?”

“व्हय. माझा स्वेटर कपाटात ऱ्हायलाय, तेवढा आण.” तिनं फोन बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. “रडायचं असलं तर गाडीत रड. चल, लीलाला भाकरी करून घालतो.”

आम्ही चार दिवस तिथं राहिलो. तांदळाच्या पिठाची भाकरी लीलाअम्मा दुधात कुस्करून खायला लागली. सुनेनं वही आणली आणि आत्ती सांगेल तसे मराठी शब्द मल्याळी अक्षरांत उतरवून घेतले: दुखतंय, भूक लागली, उठव, दार लाव. तिसऱ्या दिवशी तिनं सासूला विचारलं, “काय पायजे?” लीलाअम्मा म्हणाली, “च्या.” सुनेनं धावत जाऊन चहा केला. मग आम्ही रेल्वेनं रत्नागिरी आणि तिथून एस.टी.नं कोल्हापूर गाठलं.

दादा महिनाभर आईशी धड बोलला नाही. “तुला काय झालं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं,” तो म्हणाला. आत्तीनं माफी मागितली नाही. “लोकं जाणार हुती काय लीलाकडं?” एवढंच म्हणाली. नातेवाईक अजूनही मला ऐकवतात, की एवढ्या वयाच्या बाईला घेऊन असं जायला नको होतं. मी त्यांना सांगते, बोट चुकली नाही, आम्ही सोडली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन.

गेल्या वर्षी दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन आत्ती गेली. दिवसकार्य झाल्यावर दादानं आपल्या दुकानाचं शटर ओढलं आणि पिशवी घेऊन कुठं निघाला, ते कुणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मला त्याचा फोन आला, चेर्तल्याहून. एस.टी. आणि रेल्वे बदलत, पत्ता विचारत एकटाच गेला होता.

“बोलत्यात गं लीलाअम्मा,” तो म्हणाला. “मला विचारलं, तू कुणाचा? म्हटलं, आक्काचा. तर हात सोडंनात.”

“आत्ती गेल्याचं सांगितलंस?”

“न्हाय. आक्का कुठं हाय, म्हणून विचारत हुत्या. म्हटलं, ड्युटीवर.”

“परत कधी येतोस?”

“तिकीट काढलं न्हाय अजून,” दादा म्हणाला.