आईनं ओळखलेलं दुखणं

आईचं मन दुखायचं तेव्हा रायपूरच्या आमच्या साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, कळायचं. माझ्या बहिणीच्या जन्मानंतर ती दोन-तीन महिने पार खचली होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. बाळ रडत असायचं आणि आई त्याच्याकडे नुसती बघत बसायची. पण शेजारच्या बाया यायच्या. एक बाळाला उचलायची, दुसरी आईच्या डोक्यावर तेल घालायची, आणि आई त्यांच्यापुढे मनसोक्त रडून घ्यायची. "बाळंतीण आहे, होते असं," म्हणत त्या तिला भरवायच्या. पुढे पाळी जायच्या वयात तिची झोप उडाली, तेव्हा ती स्वतःच समता कॉलोनीतल्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. वर्षभर गोळ्या घेतल्या. भाजी निवडता निवडता कुणालाही सांगायची, "मले मनाची बिमारी झाली होती. आता बरी आहे."

बाबांना हे मुळीच आवडायचं नाही. ते मालगाडीचे गार्ड होते. लहानपणी मी गुडघा फोडून घरी आलो की विचारायचे, "पोट्टा असून रडते काहून?" मी गिळून टाकायचो. असं गिळता येतं याचा मला अभिमानही वाटायचा.

रायपूर राजधानी झालं आणि पुढच्याच वर्षी बाबा रिटायर झाले. मला नव्या राज्याच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. शहरभर रस्ते रुंद होत होते, जिकडेतिकडे नव्या पाट्या लागत होत्या. बाबा मात्र प्रत्येक गोष्टीवर चिडायचे. भाजीतलं मीठ, टीव्हीचा आवाज, फाटक उघडं टाकणारा दूधवाला. त्यातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तीनदा ईसीजी काढला, तीनदा नॉर्मल आला. नॉर्मल म्हटलं की ते डॉक्टरवरच भडकायचे. मला वाटायचं, म्हातारपण आलं, स्वभाव बिघडला.

एका सकाळी अभनपूरला नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. मी स्कूटर काढली, आईला बसस्टँडवर सोडलं आणि बाबांना न्यायला परत आलो. ते बूट घालून खुर्चीवर बसले होते. म्हटलं, "चला." उठले नाहीत. पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, "उठताच नाही येऊन राहिलं." आवाजात राग नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी आईला परत घेऊन आलो. भरजरी लुगड्यानिशी ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"सकाळी डोळे उघडले की वाटते ना, दिवस काहून उगवला?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाले, "तुले कसं मालूम?"

"मले दोनदा झालं हे. तुमच्यासमोरच तं झालं."

"पण तू तं रडत होतीस."

"हव. मी रडत होती, तुम्ही चिडता. तेवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी सोबत होतो. बाईंनी हिंदीत विचारलं, "रोना आता है?" बाबा ताठ होत म्हणाले, "नहीं." आई मध्येच बोलली, "इनको गुस्सा आता है, मॅडम. छाती दुखती है." बाई हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे बायका बहुधा आपल्या पायानं येतात, पुरुषांना बहुधा त्यांच्या बायकाच घेऊन येतात, आणि तेही हार्टवाल्याकडून फिरून.

गोळ्यांनी गुण यायला दीड महिना लागला. तोवर आई त्यांना रोज सकाळी तेलीबांध्याच्या तलावाकडे फिरायला न्यायची. आधी ते तिच्या दहा पावलं पुढे चालायचे, गप्प. मग हळूहळू बरोबरीनं चालायला लागले, बोलायला लागले. एकदा घरी येऊन आईच मला म्हणाली, "आज तुहे बाबा रडले. चांगलं झालं." मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. त्यांनी तो घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले, पण चिडून नाही.

त्या गोळ्यांना बाबा शेवटपर्यंत बीपीच्या गोळ्या म्हणत राहिले. आईनं कधी दुरुस्त केलं नाही.

पुढल्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर रिटायर झालेले एक ड्रायव्हर काका घरी आले. सुनेवर, मुलावर, साऱ्या दुनियेवर तणतणत होते, आणि रात्रभर पोटात आग होते म्हणत होते. बाबांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चपला घातल्या.

"चाल," ते काकांना म्हणाले, "पोटाचा एक चांगला डॉक्टर आहे माह्या ओळखीचा. समता कॉलोनीत."

आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.