जाळीसाहेबांचा पदर

आमचे साहेब यंत्र पास करायचे ते बाईच्या हातानं. खोटं वाटेल, पण चिंचवड स्टेशनाजवळच्या त्यांच्या कारखान्यात कडबाकुट्टी तयार झाली, की ती आधी मी फिरवून बघायची. हातात डझनभर बांगड्या, अंगावर नऊवारी. एकोणीसशे पन्नासनंतरची ही वर्षं. कारखान्यात बायका म्हणजे मी आणि रखमा, दोघीच. आमचं खरं काम रंग लावायचं.

"ताई, पदर खोचा आणि चालवा," एवढं म्हणून साहेब बाजूला उभे राहायचे. बांगडी कुठं अडकली, की यंत्र परत कानस मारायला. परदेशात शिकलेला माणूस, भिंतीवर जगाचा नकाशा. रखमानं एकदा विचारलं, "आफ्रिकेला जानारं यंत्र आमी कशापाई फिरवायचं?" तर म्हणाले, "तिथंही वैरण बाईच कापते, रखमाबाई."

एके दिवशी त्याच आफ्रिकेच्या खेपेतलं पहिलं यंत्र मी फिरवत होते. माझं लुगडं कोरं, खळ तशीच. खोचलेला पदर सुटला आणि दातेरी चाकात गेला. जड चाक, हात सोडला तरी थांबतंय कुठलं! गळा आवळला. बघते तर साहेबांनी आपला हातच चाकात घातलेला.

चाक थांबलं. दोन बोटं गेली.

मला वाटलं, गेली आपली नोकरी. रखमाही म्हणे, "नीट खोचाया काय झालं हुतं गं तुला?" चौथ्या दिवशी साहेब आले, हात गळ्यात बांधलेला. "चूक तुमची नाही, ताई. रोज मीच पदर खोचायला सांगायचो. घरी घाईत कोण आठवणीनं खोचतं? परीक्षाच खोटी घेतली मी."

खेप अडवून त्यांनी चाकावर लोखंडी जाळी बसवली आणि मला बोलावलं. मी चाकापासून लांबच उभी राहिले. ते पाहून साहेबांनी रखमाचं रंगकामाचं जुनेर लुगडं घेतलं, शर्टपँटवरून मोकळा पदर सोडला आणि धड हातानं चाक फिरवू लागले. कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. पदर जाळीवर घासत राहिला, आत गेला नाही.

मग विकलेल्या यंत्रांमागं निघाले. पुनावळे, चऱ्होली, तळेगाव. गोठ्यागोठ्यात जाऊन जाळी बसवायचे. मदतीला मी असायची. लोक म्हणायचे, "आमची तक्रार न्हाई, जाळीसाहेब." एका गोठ्यात मात्र म्हातारीनं मानेवरचा काळा वळ दाखवला. "तुमचंच यंत्र हाय. सांगायचं कुनाला?" साहेब तिथंच शेणात मटकन बसले.

साहेब जाऊन जमाना झाला. त्यांनी दिलेली कुट्टी पुढं माझ्या सुनेनं चालवली. तिला मी एकदाही पदर खोच म्हटलं नाही.