टाकीतलं पातेलं

बिअरची गोष्ट आहे म्हणून लगेच सरसावून बसू नका. या गोष्टीत बिअर कोणीच पीत नाही. (अख्खी बिल्डिंग काय प्यायली, ते कळेलच!)

नोकरी शोधायला मी कणकवलीहून भांडुपला मामाकडे आलो होतो. अंगात गुण एकच, नकला करण्याचा. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात दोनदा सुट्टी जाहीर केली होती! मामा सोसायटीचा सेक्रेटरी. कुणाचा नळ ठिबकला तरी हा दार वाजवणार. निवडणूक आठ दिवसांवर आणि त्याची घोषणा एकच, 'थेंबही वाया नाही!'

अशा माणसाला जहाजावरच्या दोस्ताने घरी बिअर करायचा डबा आणून दिला. डब्यातला चिकट अर्क पाण्यात उकळायचा, झटपट थंड करायचा, मग यीस्ट घालायचं. मामीला सांगितलं, "मुतखड्यावर जवाचा काढा आहे." (जव होतेच की त्यात!)

रविवारी मामी शेजारी टीव्हीवर पिक्चर बघायला गेली. इकडे पातेलं उकळलं. मी डब्यावरची कृती वाचली, "अर्धा तास वाहत्या नळाखाली ठेवा."

"वाहत्या? अर्धा तास?" मामा किंचाळला. "लिहिणारा भांडुपला राहिलाय का कधी? एक थेंब सांडलास ना, उद्याच्या एसटीत बसवीन तुला!"

"मामा, गच्चीवरच्या टाकीत ठेवतो ना! पाणी तिथल्या तिथे, पातेलं गार. झकास!"

झाकण बांधलं, फडक्यात धरून पातेलं वर नेलं, टाकीत उतरवलं. पाणी घोट्याएवढं! पातेल्याच्या बुडाला गुदगुल्या होतील इतकंच. मग मी कठड्यावरून खाली वाकलो आणि मामाच्या आवाजात गरजलो, "शिवराम! पंप लाव!"

"लावला साहेब!" खालून वॉचमन ओरडला.

पाणी वाढलं. पातेलं हललं. मग उठलं, आणि होडीसारखं डुलत डुलत थेट पाईपच्या धारेखाली गेलं!

"शिवराम, बंद कर! बंद कर!" मी घाबरून माझ्याच आवाजात ओरडलो.

"साहेबांनी सांगितल्याबिगर नाय करनार!"

मामाचा आवाज काढायला गेलो, तर घशातून बेडूक निघाला. झाकण सुटलं, पातेलं पालथं. वाट लागली!

पंधरा मिनिटांत मामाच्या दारात तांबे, कळश्या आणि त्यामागे माणसं.

"सेक्रेटरी, पाणी पिवळं का?"

"आणि गोड! शेवटी कडू!"

शेजारून आलेल्या मामीने पुढे होऊन घोट घेतला. "अहो, हा तर तुमचा मुतखड्याचा काढा!"

तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "असं होय? मग अजून एक कळशी भरून ठेवतो."

बाकीच्यांनी मात्र टाकी रिकामी करायला लावली. दोन बादल्या वाचवायला गेलो आणि अख्खी टाकी गटारात! त्यात शिवराम सगळ्यांना सांगत होता, "पंप साहेबांनीच लावायला सांगितला." मामाची सेक्रेटरीगिरीही त्याच गटारातून गेली.

रात्रीचं जेवण झालं नाही. मामीने दार लावलं. मामा माझ्याकडे बघून तोंड उघडणार, तोच ती अस्सल मालवणीत कडाडली, "तुम्ही गप ऱ्हवा! डब्यार फेसाचो गिलास छापललो आसा, मी काय आंधळी आसंय? आणि तू रे मेल्या! रोजचा दूध मी खंय निवत ठेवतंय?"

"परातीत," मी पुटपुटलो. "पाणी घालून."

"आणि ता पाणी मगे खंय जाता?"

"तुळशीला."

"मगे माका विचारूक काय झाला तुका?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत कुठल्याच आवाजात देता आलेलं नाही.