सीमोल्लंघनाची किल्ली

अन्याय माझ्या काकूवर झाला. दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, उज्जैनमधल्या आमच्या घराच्या फाटकासमोर, सगळ्या शेजाऱ्यांच्या आणि एका गुरुजींच्या देखत.

गुरुजींनी गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग तबकातली किल्ली उचलून विचारलं, "चालवणार कोण?" काकूने पदराला हात पुसून पुढे केला. काकाने तिच्या हातावरून हात नेऊन किल्ली घेतली. म्हणाला, "आज पाहुणे आहेत गं. एरवी बघू." काकूचा हात क्षणभर तसाच राहिला, मग तिने त्याच हाताने तबक आत नेलं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायचे. वसतिगृहाचं पाणी, बसचं भाडं, जे दिसेल त्यावर. घरचं पत्रक मात्र कधी काढलं नव्हतं. ते राहून गेलं होतं, म्हणून आता लिहिते.

गाडी विलायती. बाजार खुला झाला त्या दिवसांत एका कारखान्यात परदेशी साहेब आला होता, त्याने वापरलेली. तो गेला, गाडी राहिली. तिचे पार्ट कुठे मिळत नव्हते, म्हणून कुणी घेत नव्हतं. बँकेत ऑफिसर असलेल्या माझ्या काकाने ती त्या दसऱ्याच्या आदल्या वर्षी शान म्हणून घेतली. कातड्याच्या सीटा, छताला उघडणारी काच, दोन सीटांच्या मधे चिमुकला फ्रिज. चौथ्या दिवशी बंद पडली.

काका रोज रिक्षाने बँकेत जाऊन राहिला आणि गाडी काकूच्या गळ्यात पडली. काकू आळीतली शिलाई मशीनं दुरुस्त करायची, तेव्हा सगळ्यांना ते ओघानेच वाटलं. ती देवास गेटच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे फिल्टर विचारायला गेली ती आठ महिने जात राहिली. दुपारची भांडी झाली की निघायची, दिवेलागणीला यायची, हाताला ग्रीसचा वास. भाजीत जिरं आहे की डिझेल, असं काका विचारायचा.

मिस्त्री तिला "बाई" म्हणायचा आणि तिच्याशी भांडायचा. "बाई, ये गाड़ी आराम के लिए बनी है." काकू म्हणायची, "तो आराम बहुत हो गया." तिला ती शेतातून, नाल्यातून जाणारी हवी होती. ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीतले दोन पोलादी पाटे घालून तिने गाडी वीतभर उचलली. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवा ओढायची नळी बोअरवेलच्या पाइपने थेट टपापर्यंत नेली. शेजारीण विचारून गेली, गाडीत चूल बसवली काय.

पुढच्या चाकांचं काम सगळ्यात मोठं. आतला छोटा दांडा ओढला की पुढची दोन आपोआप इंजिनाला जोडली जातील आणि चारही चाकं ओढतील, अशी कंपनीची सोय होती. ती तुटली होती आणि नवी मिळेना. मग मिस्त्रीने लेथवर दोन खुंट्या करून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एकेक बसवली. आधी खाली उतरून त्या हाताने फिरवायच्या, तेव्हाच दांडा ओढून पुढची चाकं कामाला लागणार. गाडी चालवायलाही मिस्त्रीनेच शिकवली, सिंहस्थाच्या रिकाम्या मैदानावर. लायसन्स तिने स्वतः जाऊन काढलं.

आणि किल्ली काकाकडे.

त्या दिवशी सीमोल्लंघनाला नदीपलीकडच्या शेतातल्या आपट्याच्या झाडाशी जायचं ठरलं होतं. पुढे काका आणि त्याच्या बँकेतले एक मित्र, मागे काकू आणि मी. दोनच दिवसांपूर्वी परतीचा पाऊस झालेला. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. काकाने आपट्याची पानं तोडून झब्ब्याच्या खिशात कोंबली, पुढच्या गावची शीव ओलांडू म्हणून गाडी शेतात घातली, आणि पन्नास पावलांवर मागची चाकं रुतली.

काकाने छोटा दांडा ओढला. "आता बघा, चारही चाकं." मागची दोन आणखी खाली गेली.

मित्र शांतपणे म्हणाले, "भाई साहब, गाड़ी विलायती है, पर मिट्टी तो देसी है."

काकूने मधला फ्रिज उघडून श्रीखंडाचा डबा काढला. "लीजिए भैया, ठंडा है."

मी तिच्या कानाशी लागले. "काय चुकतंय ते तुला कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग सांग ना."

"मला कुणी विचारलं?"

आम्ही श्रीखंड खाल्लं. काकाने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, खाली उतरून चाकाकडे बघितलं, मिस्त्रीला दोन शिव्या दिल्या. मग मान न वळवता म्हणाला, "काय करायचं गं?"

काकू उतरली. चपला गाडीतच ठेवल्या, पदर खोचला, पुढच्या दोन्ही चाकांच्या खुंट्या फिरवल्या. इतका वेळ ती चाकं पाहुण्यासारखी बसून होती. मग केसांतला आकडा काढून चारही टायरांची थोडी थोडी हवा सोडली. मित्र घाबरले. "भाभीजी, पंचर कर रही हैं?"

"पैर फैला रही हूँ इसके. दलदल में पंजों पर कौन चलता है?"

मग ती काकासमोर उभी राहिली आणि सकाळी केला होता तसाच हात पुढे केला. हाताला चिखल होता, तो तिने पुसला नाही. काकाने खिसा चाचपला. किल्ली निघाली ती आपट्याच्या दोन पानांसकट. त्याने सगळंच तिच्या तळव्यावर ठेवलं. "सोनं घे," म्हणाला, आणि त्याला हसू आलं.

गाडी एकदा कण्हली आणि निघाली. चिखल टपापर्यंत उडत होता. काका मागे माझ्याशेजारी, मांडीवर श्रीखंडाचा डबा, प्रत्येक खड्ड्याला "वा" म्हणत. मी आयुष्यात पत्रक न वाटता इतकी ओरडले नव्हते. शिवेचा दगड आला आणि गेला.

"भाभीजी, सीमा तो पीछे रह गई."

"रहने दो. लौटते में मिल जाएगी."

पुढच्या गावात सायकलच्या दुकानातून पंप मागून टायर भरले, काकाने पंप मारला. संध्याकाळी मी याचं पत्रक लिहायला बसले तेव्हा काकू म्हणाली, "आता कशाला? मला मिळाली की किल्ली." म्हणून ते तेव्हा राहिलं.

तुला मिळाली. बाकीच्या अजून तबक घेऊन आत जाऊन राहिल्या आहेत.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरातली गाडी, स्कूटर, ट्रॅक्टर, जे असेल ते कोण चालतं ठेवतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. किल्ली तिच्या हातात द्या. एकांतात नाही, पाहुणे आलेले असताना. आणि तुम्ही मागे बसा.