सात परस विहीर

आमच्या ऑफिसात कोण किती वर चढलंय हे कळायला पगारपत्रक बघावं लागत नाही. टेप कुणाच्या हातात आहे ते बघायचं. टेपचं नुसतं टोक धरून उन्हात उभा राहतो तो सगळ्यांत खालचा. आकडा वाचतो तो त्याच्या वरचा. वाचलेला आकडा मापवहीत लिहून त्याचं बिल करतो तो बिलिंग इंजिनिअर. आणि दुसऱ्याचं बिल पंख्याखाली बसून तपासतो, लाल पेनाने रेघा ओढतो, तो सिनियर. सिनियरच्या हातात टेप दिसली की माणूस घसरला असं समजतात. मी जीवराम, जळगावच्या या बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळतो. माझ्या कपाटात पन्नास टेप असल्यामुळे मला कुणी हिशेबातच धरत नाही आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

दिपमाला आमच्याकडे आली ती नऊ वर्षांपूर्वी, डिप्लोमा करून. अमळनेरजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची पोर. पहिलं वर्ष टोक धरण्यात गेलं. पण तिला एक खोड होती. खड्डा बुजायच्या आत ती तिथे हजर व्हायची. पायाची खोली, भिंतीतली सळई, जे पुढे झाकलं जाणार ते सगळं ती आधी मोजायची. "एकदा माती पडली की देवालाही मोजता येत नाही, जीवरामभाऊ," असं म्हणायची. मी तिला चिडवायचो की तू लग्नातसुद्धा मांडवाचे खड्डे मोजशील. तिने खरंच मोजले होते, असं तिच्या नवऱ्यानेच मला सांगितलं.

गेल्या वर्षी सिनियरची जागा रिकामी झाली. आमचे साहेब प्रेमराजभाऊ. माणूस चांगला, पण रुबाबाचं त्यांना भारी वेड. ते तिला म्हणाले, "खुर्ची हवी असेल तर आधी हे खड्ड्याकडे धावणं सोड. सिनियर माणसाने बसून काम करावं." ही जागा दिपमालाला मनापासून हवी होती. ती बसली. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण स्टोअरवाल्याला विचारतो कोण!

त्याच आठवड्यात नरडाण्याच्या गोदामाच्या कामावर वेड्या बाभळी काढताना एक जुनी कोरडी विहीर निघाली. साइटवरच्या तेजसने फोन केला. दिपमाला ऑफिसात बसून बिलाचा मोठा तक्ता करत होती. "उद्या बघू," म्हणाली. मोजल्याशिवाय भरू नका, हे सांगायचं राहून गेलं. जेसीबीवाल्याने कामाचा झपाटा दाखवला आणि संध्याकाळपर्यंत विहीर मुरमाने काठोकाठ भरून टाकली. मापवहीतलं पान कोरंच राहिलं.

ज्यांचं गोदाम होतं त्यांचा इंजिनिअर म्हणाला, माप दाखवा, मग मुरूम बिलात धरतो. तेजसने सोपा रस्ता सुचवला, "ताई, पंचेचाळीस फूट लिहून टाका. खाली उतरून कोण बघणार?" दिपमालाने मापवही मिटली. तिचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टोअरात आली आणि म्हणाली, "टेप द्या. आणि दुसरं टोक धरायला तुम्हीच चला."

पॅसेंजरने नरडाण्याला उतरलो. काळ्या मातीत मुरमाचा लाल गोल स्पष्ट दिसत होता, त्यामुळे रुंदी मिळाली, सोळा फूट. खोलीसाठी दिपमाला शेजारच्या घरी गेली. जमीन एमआयडीसीत जायच्या आधी ती विहीर ज्यांची होती, त्या कमलबाई तिथे राहतात.

"अक्का, इहीर कितली खोल व्हती?"

"सात परस," म्हातारी एका दमात म्हणाली. "मन्हा हातघाई पानी काढेल शे मी." स्वतःच्या हातांनी पाणी शेंदलेल्या बाईचा तो हिशेब होता.

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, हिशेबाला सहा फूट धरतात. सात परस म्हणजे बेचाळीस फूट. पण दिपमाला गोठ्याच्या छपराकडे बघत होती. तिथे विहिरीतल्या मोटारीचे जुने पाइप आडवे बांधलेले होते. काठावर जिथे पट्टी आवळलेली असायची तिथे खूण होती. पाइप सोडवून ओळीने मांडले. मी टोक धरलं आणि तिने वाचलं. खुणेपासून खालच्या टोकापर्यंत अडतीस फूट.

तिने टिपणात सगळं लिहिलं. भरण्यापूर्वी माप घेतलं नाही, चूक माझी. कमलबाईंच्या सांगण्याप्रमाणे बेचाळीस, पाइपवरून अडतीस. कमी असलेलं धरलं आहे. खाली पूर्ण सही केली.

प्रेमराजभाऊ भडकले. "चार फूट! आठ ब्रास मुरमाचं बिल सोडून दिलंस! आणि वर चूक माझी म्हणून सही?" बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "गेली खुर्ची." मला फार वाईट वाटलं. पण गोदामवाल्यांच्या इंजिनिअरने ते टिपण वाचून एकही प्रश्न न विचारता माप मान्य केलं. शिवाय आमच्या साहेबांना फोन करून म्हणाला, यापुढे कागदावर याच बाईंची सही असू द्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला सिनियरच्या जागेचं पत्र दिलं. दिपमालाने पहिला नियम काढला: कुठलाही खड्डा सिनियरने स्वतः पाहिल्याशिवाय बुजवायचा नाही. आता तिच्या टेबलावर, खुर्चीसमोर, टेप उघडी पडलेली असते.

पेढे घेऊन आम्ही कमलबाईंकडे गेलो. दिपमालाने टिपणाची प्रत वाचून दाखवली. आपलं नाव ऐकून म्हातारी खुलली आणि लगेच थांबली.

"अडतीस? मी तुले सात परस सांगं व्हतं."

"अक्का, तुम्हनं खरंच व्हई. पन मी येळवर मोजं नही. त्या चार फूट मन्ही चूकमा गयात."

कमलबाईंनी पेढा हातात तसाच धरला. त्या लाल गोलावर आता गोदामाची फरशी झाली होती. तिकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग दिपमालाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "जाऊ दे माय. खाले चार फूट गाळच व्हता."

गाळ होता की नव्हता, ते आता कुणालाच मोजता येणार नाही.