डावीकडच्या उंदरांना बिस्किट

मामांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच बाहेर निघे. एरवी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या सरांपर्यंत सगळ्या संशोधन संस्थेचे ते मामाच. काम उंदरांचं. तळमजल्यावरच्या प्राणीघरात पांढऱ्या उंदरांचे पारदर्शक पिंजरे मांडणीवर ओळीने लावलेले असत. त्यांचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कुणी मलूल दिसला तर वर कळवायचं. उंदीर हातात धरावा तर मामांनीच. दुसऱ्या कुणी पिंजऱ्यात हात घातला की चावलाच म्हणून समजा, आणि मामांच्या तळहातावर तेच उंदीर शहाण्या मुलांसारखे बसून मिशा साफ करत. याचा मामांना अभिमान होता, आणि तो लपवायची कला काही त्यांना साधली नव्हती. नवीन कुणी आला की त्याला उगीचच एक उंदीर काढून दाखवत.

एका बाबतीत मात्र मामा अगदी केविलवाणे होते. रक्तातली साखर वाढल्यापासून दोन जेवणांच्या मध्ये काही म्हणजे काही खायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टर एकदाच बोलले. मामी रोज बोलत. घरातले सगळे डबे त्यांनी वरच्या फळीवर चढवले होते आणि स्टूल शेजारणीला देऊन टाकलं होतं. अशा बाईपुढे मामांची काय टाप! त्यांनी निमूटपणे मान डोलावली आणि बिस्किटाचा पुडा कामाच्या गाऊनच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. प्राणीघरात खायला बंदी होती. पण तिथे बघायला होतं कोण? उंदीर. आणि उंदीर काही मामींना सांगायला जाणार नव्हते.

त्यांच्या मॅडम वरच्या मजल्यावर मेंदूवर काम करत. मामांच्या मुलीच्या वयाची ती पोरगी, चष्मा नेहमी केसांत खोचलेला आणि शोधायचा मात्र टेबलावर. म्हातारपणी आठवण का विरत जाते, याच्यामागे ती हात धुऊन लागली होती. तिने म्हातारे उंदीर घेतले आणि त्यांच्या दोन बाजू केल्या. उजव्या मांडणीवरच्यांपुढे खाणं कायम. डाव्या मांडणीवरच्यांना तेवढंच खाणं, पण फक्त संध्याकाळनंतरचे ठरावीक तास. एरवी पिंजऱ्यातली खाण्याची जाळी रिकामी. पोटाला रोज अशी लांब विश्रांती मिळाली तर मेंदूला ती मानवते का, म्हातारा उंदीर आठवणीला पक्का राहतो का, हे तिला बघायचं होतं.

"मामा, मधल्या वेळात एक कणसुद्धा नाही हं," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"तुम्ही निर्धास्त राहा, मॅडम," मामा म्हणाले होते. आणि ते बोलले तेव्हा मनापासूनच बोलले होते.

पण संध्याकाळी खाणं घालणारा माणूस वेगळा. मामांची पाळी दिवसाची, म्हणजे डाव्या बाजूचे उंदीर मामांना दिसत ते उपाशीच. दुपारी मामांच्या स्वतःच्या पोटात कावळे ओरडू लागत. ते मांडणीआड उभे राहून तोंडावरची पट्टी खाली ओढत आणि बिस्किट मोडत. त्या आवाजासरशी डावीकडचे सगळे उंदीर मागच्या पायांवर उभे राहून जाळीला नाकं लावत. उजवीकडचे ढिम्म झोपलेले. आता समोर इतकी तोंडं टकामका बघत असताना एकट्याने खाणं तुम्हाला जमलं असतं का, मला माहीत नाही. मामांना नाही जमलं.

पहिला तुकडा नकटीला मिळाला. नकटी म्हणजे नाकाशी जुनी जखम असलेली एक थोराड उंदरीण. मग शेजारचा शेपूटतुटक्या रुसला, त्याला दिला. मग सगळ्यांनाच. "इतकुसं तर आहे," मामा त्यांना सांगत, "एवढ्याने काय होतंय?" हीच समजूत ते स्वतःच्या साखरेचीही घालत. पुढे पुढे तर दुपारचा तो कार्यक्रमच होऊन बसला. मामा आत आले की जाळ्यांना नाकं लागलेली असत, आणि मामांना वाटे, या उभ्या जगात आपली इतकी वाट बघणारं दुसरं कोण आहे?

यथावकाश परीक्षा झाल्या. गढूळ पाण्याचा एक गोल हौद, त्यात पाण्याखाली लपवलेला छोटा चौथरा. उंदराला पाण्यात सोडायचं; तो चौथरा कुठे होता हे ज्याला आठवतं, तो सरळ तिकडे पोहत जातो. ज्याला आठवत नाही, तो कडेकडेने गोल गोल फिरत राहतो. सगळे उंदीर मामांनीच आपल्या हातांनी पाण्यात सोडले. नकटी बराच वेळ फिरत राहिली, तेव्हा मामांनी मनातल्या मनात तिला सतरा वेळा चौथऱ्याची दिशा सांगितली.

परीक्षेनंतर नियमाप्रमाणे उंदीर मारले गेले. मेंदू तपासायचे होते. मामांनी त्या दिवशी रजा घेतली. ती ते दरवेळीच घेत, आणि कुणी काही विचारत नसे.

मग वरच्या खोलीत सभा भरली. मॅडमने मामांनाही बोलावलं, मागची नव्हे तर चक्क पुढची खुर्ची दिली. मामा स्वच्छ सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसले. भिंतीवर आलेख उमटला. दोन रेषा, एक निळी, एक लाल, आणि दोन्ही एकमेकींना चिकटून चाललेल्या.

"फरक नाही," मॅडम म्हणाली. आवाज सरळ होता, पण ती पेनाचं टोपण सारखं काढत आणि लावत होती. "उपाशी राहण्याच्या वेळेने आठवणीत काही फरक पडला नाही. माझा अंदाज चुकला असं दिसतंय."

मोठे सर पुढे वाकले. "मधल्या वेळात कुणी काही खाल्लं तर नाही ना? एक कण पोटात गेला तरी उपास मोडला. मग दोन्ही बाजू सारख्याच दिसणार."

कण. एक कण. हे मामांना आधीही सांगितलं होतं, याच शब्दांत. पण तेव्हा तो नियम वाटला होता, गाऊन घाला आणि हात धुवा म्हणतात तसा. आता भिंतीवर त्या कणाचं चित्र काढून लावलं होतं आणि सगळे ते बघत होते.

मॅडम हसली. "सर, मामा असताना? शक्यच नाही." आणि तिने मामांकडे हात केला. "उलट मला सांगायचंय, हे काम मामांमुळे इतकं नीट झालं. आमच्या शोधनिबंधात आभारांत पहिलं नाव त्यांचं आहे."

टाळ्या वाजल्या. मामांना उठून उभं राहावं लागलं. हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि दोन शब्द बोलायचे. मामांनी हात जोडले, सगळ्यांकडे बघून नमस्कार केला आणि खाली बसले.

बिस्किट दिलं ते एक वेळ सोडून देऊ. भोळेपणाने दिलं म्हणू. पण तो नमस्कार भोळेपणाचा नव्हता, हे मामांना खुर्चीला पाठ टेकायच्या आतच कळलं.

घरी जेवताना घास फिरू लागला. मामींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताटच ओढून घेतलं. "बोला आता."

मामांनी सांगितलं. मामी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्हीपण खात होतात?"

"अगं, मी उंदरांचं सांगतोय."

"मी तुमचं विचारतेय. म्हणून साखर खाली येत नाही होय! आणि मी इथे गोळ्या बदलून घेतेय, डॉक्टरांशी भांडतेय, की तुमच्या औषधात दम नाही." मामी तरातरा ओट्यापाशी गेल्या, उगीचच एक भांडं इकडचं तिकडे ठेवलं आणि तिथेच थबकल्या. त्या वळल्या तेव्हा आवाज खाली आला होता. "अहो, मग त्या पोरीलाही असंच वाटत असेल ना? की तिच्याच औषधात दम नाही?"

मामींच्या तोंडून ऐकल्यावर मामांना ते सभेतल्यापेक्षा वाईट वाटलं. एकाच पुड्याने त्यांनी दोन बायकांना फसवलं होतं, आणि दोघींनीही दोष स्वतःला नाहीतर औषधाला दिला होता. मामांकडे कुणी बोट दाखवलंच नव्हतं.

"उद्या सांगा," मामी म्हणाल्या. "आणि आता जेवा. उपाशी राहून त्यात भर नको."

दुसऱ्या दिवशी मामा वर गेले तेव्हा मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली होती. शेजारी काचपट्ट्यांची पेटी उघडी होती. मामा दारातच उभे राहिले. वाटेत जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मॅडम, मी त्यांना बिस्किट देत होतो."

तिने डोळे वर केले. "कुणाला?"

"डावीकडच्यांना. दुपारी. रोज."

ती बघतच राहिली. रागावली असती तर मामांना सोपं गेलं असतं. अंगावर झेलायला काहीतरी मिळालं असतं. तिने केसांतला चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, जणू मामा नीट दिसत नव्हते.

"उजवीकडच्यांना पण?"

"त्यांना कशाला? त्यांच्यापुढे खाणं होतंच की."

यावर तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला, आणि तिने लगेच तोंडावर हात दाबला.

"काल का नाही सांगितलंत, मामा? मी सगळ्यांसमोर..." तिने वाक्य सोडून दिलं.

"लाज वाटली," मामा म्हणाले. "आता जास्त वाटतेय."

ती बाजूला सरकली. "इकडे या. बघा."

मामांनी कधी त्या यंत्रातून बघितलं नव्हतं. आधी नुसता अंधार दिसला, मग हिरवे ठिपके, एकमेकांना बारीक दोऱ्यांनी जोडलेले. रात्री उंचावरून गाव दिसावं तसं. इतकं देखणं काही त्या डोक्यात असेल असं मामांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"कुणाचं आहे हे?"

तिने काचपट्टीवरचा क्रमांक वाचला. पिंजऱ्यांचे क्रमांक मामांना तोंडपाठ होते. ती नकटी होती.

"चांगला कापला गेलाय हा मेंदू," मॅडम म्हणाली. "रंगही छान चढलाय. पण यावरून आता काहीच कळणार नाही, मामा. ही उपाशी होती असं म्हणता येत नाही आणि पोटभर होती असंही नाही. या बाजूच्या सगळ्यांचंच तसं झालं." तिने काचपट्टी काढून पेटीत ठेवली. "नवे उंदीर मागवावे लागतील. पुन्हा तेवढेच."

मामा यंत्रापासून मागे झाले. पुन्हा तेवढेच. म्हणजे ते पुन्हा वाढणार, म्हातारे होणार, हौदात सोडले जाणार, आणि पुढे जे व्हायचं ते होणार. आणि जे गेले, ते कशासाठी गेले? मामांनी त्यांची दया केली होती. त्या दयेने त्यांचा जीव तर वाचला नाहीच, उलट तो गेला त्याचं काही चीजही झालं नाही. जाळीला लागलेली ती नाकं आठवली आणि मामांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला त्यांच्या हाती रुमालही नव्हता.

मोठ्या सरांनी मामांना गोदामात हलवायचं ठरवलं. मामांनाही तेच बरं वाटलं असतं. तोंड लपवायला गोदामासारखी जागा नाही. पण मॅडमच आडवी आली. अनोळखी हातात उंदीर बिथरतो आणि बिथरलेल्या उंदराची आठवण मोजता येत नाही, म्हणून हात मामांचेच लागतील, असं तिने सरळ सांगितलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. छापायला पाठवलेला निबंध तिने मागे घेतला आणि कारण काय ते स्वतः लिहून कळवलं. त्यात मामांचं नाव नव्हतं. आभारांतही नाही.

मामांनी गाऊन घरी आणला आणि मामींपुढे धरला.

"खिसे शिवून टाक."

मामींनी सुईत पांढरा दोरा ओवला आणि दोन्ही खिशांची तोंडं बारीक टाक्यांनी बंद केली. दात लावून दोरा तोडताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातची शिवण सहज उसवत नाही हं."

नवे उंदीर आले. मामांनी स्वतः पिंजरे लावले, उजवीकडे आणि डावीकडे. या खेपेला कुणालाही नाव द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दिलंही नाही. दुपार झाली. मामांच्या पोटात कावळे ओरडू लागले. डावीकडच्या खालच्या ओळीतला एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला, जाळीला नाक लावलं आणि मामांकडे बघत राहिला. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. भूक लागली होती, इतकंच.

मामांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मामींच्या टाक्यांवर अडला. पाठ फिरवून बाहेर जाता आलं असतं. मामा गेले नाहीत. खाली बसले, चेहरा जाळीच्या समोर आणला आणि उंदीर कंटाळून भुशात परत जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग पाण्याच्या बाटल्या भरायला उठले.